मदत हवी आहे: ५ मिमी कोनचा आउटपुट फॅक्टर जुळत नाही

मंडळी, इंटरनॅशनल स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी सोसायटीच्या काँग्रेससाठी लहान फील्डच्या डोसिमेट्रीवर (किरणांचा डोस मोजण्यावर) अ‍ॅबस्ट्रॅक्ट करतोय. ६ एमव्ही लिनॅक (किरणोपचाराचं यंत्र), ५ मिमीचा कोन (बीम अरुंद करणारी गोल नळी). मायक्रोडायमंड आणि शील्डिंग नसलेला डायोड, या दोन्ही डिटेक्टरना टीआरएस-४८३ (लहान फील्डसाठीची आयएईएची मार्गदर्शिका) मधलं करेक्शन लावूनही त्यांच्या आउटपुट फॅक्टरमध्ये (या फील्डचा डोस भागिले १० × १० सेमी संदर्भ फील्डचा डोस) ३ टक्के फरक उरतोच.

दोन्ही डिटेक्टर बीमला समांतर आहेत. सेंटरिंग लेझरवर नाही, दोन्ही अक्षांच्या प्रोफाइलवर केलंय. एवढ्याशा फील्डमध्ये अर्धा मिलिमीटर सरकलं तरी रीडिंग पडतं. करेक्शनच्या टेबलसाठी कोनवर छापलेला व्यास नाही, तर प्रोफाइलच्या ५० टक्के रुंदीवरून त्रिज्या काढून ती १.७७ ने गुणलीय, म्हणजे साधारण ४.४ मिमीचा चौरस. डायोड थेट १० × १० सेमी फील्डला न जोडता मधल्या ४ × ४ सेमी फील्डमार्फत आयन चेंबरला जोडलाय, कारण मोठ्या फील्डमधले कमी ऊर्जेचे फोटॉन तो जास्तच मोजतो. पिनपॉइंट चेंबर वगळलाय. व्हॉल्यूम अ‍ॅव्हरेजिंगमुळे (चेंबरच्या सगळ्या आकारमानावरची सरासरी मोजली जात असल्याने) त्याचा आकडा कमीच येणार.

संशय जॉवर (लिनॅकमधल्या, बीमची हद्द ठरवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यांवर) आहे. कोन लावल्यावर तुम्ही जॉ कितीवर ठेवता, आणि प्रत्येक डिटेक्टरच्या वेळी पुन्हा तपासता का? शिवाय ईबीटी३ फिल्मने (किरणांनी रंग बदलणारी, स्कॅनरवर वाचायची फिल्म) तिसरा आकडा काढावा, की दोन्हींची सरासरी आणि अनिश्चितता दिली तर परीक्षकांना चालेल? फिल्म वापरणाऱ्यांनी स्कॅनरवर तुकडा कुठे ठेवता तेही सांगा, कडेला आकडे बिघडतात.