मदत हवी आहे : फर्लिंग जिनोआ रीफ केल्यावर शिडाचा फुगवटा कसा कमी करावा?

नमस्कार.

आमच्या २८ फुटी स्लूपच्या (एक डोलकाठी व दोन शिडांची बोट) पुढच्या मोठ्या शिडाबाबत, म्हणजे जिनोआबाबत, जाणकारांचा सल्ला हवा आहे. शीड १३५ टक्क्यांचे (डोलकाठीपासून फोरस्टेच्या तळापर्यंतच्या अंतराच्या तुलनेत), डेक्रॉनचे (पॉलिएस्टर कापडाचे) असून फोरस्टेवरील (डोलकाठीला पुढून धरणारी तार) फर्लरवर, म्हणजे शीड गुंडाळण्याच्या फिरत्या यंत्रणेवर, गुंडाळले जाते. पूर्ण उघडलेले असताना ते उत्तम चालते आणि पूर्ण गुंडाळतानाही काही त्रास होत नाही. अडचण येते ती ते अर्धवट गुंडाळून (म्हणजे रीफ करून) वाऱ्याच्या तोंडावर बोट चालवताना.

मांडव्याहून गेटवेकडे परतताना हा प्रश्न हमखास उभा राहतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा जोर धरतो आणि परतीचा मार्ग जवळजवळ त्याच दिशेला असल्यामुळे सगळे अंतर टॅक घेत, म्हणजे वाऱ्याकडे नागमोडी जात, कापावे लागते. वारा १८ नॉटच्या पुढे गेला की आम्ही शिडाच्या तळकडेवरील पहिल्या खुणेपर्यंत जिनोआ गुंडाळतो. क्षेत्रफळ कमी होते, पण शिडाच्या मधोमध पिशवीसारखा फुगवटा राहतो, बोट पुढे जाण्याऐवजी आडवी कलते आणि वाऱ्याशी तिचा कोन फार मोठा होतो.

याचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे असे आहे की, वरच्या व खालच्या कोपऱ्यांत कापडाचे अनेक थर शिवलेले असल्याने तेथे गुंडाळी लवकर जाड होते आणि जास्त कापड ओढून घेते, तर मधला भाग बारीक राहून मागे पडतो व त्याचा सगळा घेर तसाच उरतो. त्यावर उपाय म्हणून गुंडाळण्यापूर्वी हॅलियार्ड (शीड वर खेचणारी दोरी) अधिक ताणून पाहिला आणि फोरस्टेचा झोळ कमी व्हावा म्हणून बॅकस्टेही (डोलकाठीला मागून धरणारी तार) घट्ट केला. दोन्हींचा फायदा झाला, पण तो पुरेसा नाही. फर्लिंगची दोरी फर्लरच्या ड्रमच्या खालच्या बाजूलाच साचत होती. कठड्यावरचा ब्लॉक (कप्पी) उंच करून ती सरळ आत जाईल अशी व्यवस्था केल्यावर ती तक्रार मिटली.

खरा पेच शीटच्या (शिडाचा मागचा कोपरा ओढणारी दोरी) कारचा, म्हणजे ती दोरी जिच्यातून जाते त्या डेकच्या पट्टीवर पुढेमागे सरकणाऱ्या कप्पीचा, आहे. शीड गुंडाळले की त्याचा मागचा कोपरा पुढे आणि वर सरकतो, म्हणून कारही पुढे घ्यावी लागते, हे मान्य. कार जुन्या जागी ठेवली तर मागची कड जोरात फडफडते. दोन भोके पुढे घेतली की फडफड थांबते, पण तळकडेचा फुगवटा वाढतो. नेमकी जागा ठरवायला पुढच्या कडेजवळचे, वाऱ्याचा प्रवाह दाखवणारे लोकरीचे धागे उपयोगी पडले असते, परंतु पहिल्या काही वेढ्यांतच ते गुंडाळीत नाहीसे होतात. रीफ केलेल्या शिडासाठी आपण कारची जागा कशावरून ठरवता? धाग्यांची दुसरी जोडी मागे, रीफच्या खुणेच्या हिशेबाने चिकटवणे योग्य ठरेल का?

दुसरा प्रश्न खर्चाचा आहे. गुंडाळी मध्येही जाड व्हावी म्हणून पुढच्या कडेच्या मध्यभागी फोमची पट्टी शिवून घ्यावी, की १०० टक्क्यांची वेगळी जिब (पुढचे लहान शीड) करून घ्यावी? जिबचा आकार नक्कीच चांगला राहील, पण फर्लरवरचे शीड बदलायचे तर आधी ते पूर्ण उघडावे लागते, आणि वाढलेल्या वाऱ्यात मोठा जिनोआ उघडून डेकवर उतरवणे मला धोक्याचे वाटते. त्यामुळे निवड सकाळीच मूरिंगवर (बोट बांधून ठेवण्याच्या जागी) करावी लागेल, आणि सकाळच्या मंद वाऱ्यात लहान जिबवर बोट रखडेल. म्हणून माझा कल फोमकडे आहे, मात्र कापड जुने व ताणलेले असल्यास फोमने कितपत फरक पडतो, हे अनुभवी माणसाकडूनच कळेल.

शेवटी, अशा बोटीवर मुख्य शीड आधी रीफ करून जिनोआ थोडा अधिक काळ पूर्ण ठेवणे आपल्याला पटते का? तसे केल्यास सुकाणूवरचा ताण कमी होतो की बोटीचे नाक वाऱ्यापासून दूर पडू लागते, हेही कृपया लिहावे. मापे किंवा शिडाची छायाचित्रे हवी असल्यास येथेच देईन.