बर्डचा चार आवाजांचा मास: एवढा घुमारा कशाला?

खर्जातला
सोळाव्या शतकातला इंग्लिश संगीतकार विल्यम बर्ड, त्याचा चार आवाजांचा मास (कॅथलिक उपासनेसाठी रचलेलं गायन) ऐकणाऱ्यांसाठी हा धागा. टॅलिस स्कॉलर्स या इंग्लिश गायकवृंदाचं १९८४ चं रेकॉर्डिंग सगळे डोक्यावर घेतात, ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या चॅपेलमधलं. सुंदर आहे, वादच नाही, पण मला ते खोटं वाटतं. बर्ड कॅथलिक, राज्य प्रोटेस्टंट एलिझाबेथचं, मास म्हणणंच बेकायदेशीर. १५८५ च्या कायद्याने तर परदेशात दीक्षा घेऊन आलेला इंग्लिश पाद्री देशात सापडला की देशद्रोही! म्हणून हा मास १५९२-९३ च्या सुमारास छापला तेव्हा टायटल पेज नाही, मुद्रकाचं नाव नाही. गाणार कुठे, तर एसेक्समधल्या पीटर घराण्यासारख्या कॅथलिकांच्या वाड्यात, दाराला आतून कडी. आणि रेकॉर्डिंगमध्ये घुमारा असा की जणू राज्याभिषेक चाललाय. त्यापेक्षा हिलियर्ड एन्सेम्बल हा दुसरा इंग्लिश वृंद ऐका, पुरुषांचे आवाज, चारातल्या प्रत्येक आवाजाच्या ओळीला एकच माणूस, शब्द कळतात. हे माझं वैयक्तिक मत.

सोप्रानोपंखा
असहमत. चोरून गायचे म्हणजे बारीक आवाजात कुजबुजत गायचे असं तुम्हीच ठरवलंत. बर्ड १५७२ पासून राणीच्या चॅपेल रॉयलमध्ये, म्हणजे दरबारी उपासनेच्या गायकवृंदात होता, मोठा वृंद त्याच्या कानात मुरलेला. मासच्या शेवटच्या भागाच्या, आन्यूस देईच्या शेवटी 'दोना नोबिस पाचेम'ला ('आम्हाला शांती दे') एकेक आवाज मागे रेंगाळतो, दुसऱ्याला घासतो आणि मग खाली सुटतो, ते ऐकायला सूर हवेत थोडा टिकायला नको का? कोरड्या खोलीत ते सगळं सुटं सुटं वाटेल.

खर्जातला
पण तो आन्यूस देई सुरू कसा होतो? फक्त दोन आवाज, मग तीन, मग शेवटी चारही. दोन माणसं समोरासमोर बसून गातायत असं ऐका एकदा, अंगावर येतं. तिथे एकेका ओळीला दोन-दोन माणसं लावली की ते एकटेपण गेलंच ना. वर बायकांचे सोप्रानो (सर्वात उंच आवाज), त्यासाठी पट्टी वर चढवायची, म्हणजे सगळं चकचकीत. त्या काळी चर्चमध्ये बायका गात होत्या का?

कागदपत्रवाला
चर्चमध्ये नसतील, वाड्यात होत्या! विल्यम वेस्टन नावाच्या जेझुइट (कॅथलिक संघाच्या) पाद्रीने लिहून ठेवलंय, १५८६ च्या जुलैत तो एका कॅथलिक गृहस्थाच्या घरी आठ-एक दिवस राहिला, त्या घरात ऑर्गन, इतर वाद्यं आणि घरच्याच मंडळींमधले गायक, पुरुष आणि बायका दोन्ही, शिवाय पाहुण्यांत खुद्द बर्ड. वर लिहितो की एखाद्या मोठ्या सणाचे दिवस असावेत तसं वाटलं. म्हणजे कुजबुज गेली आणि बायकाही आल्या. आता तुमच्या हिलियर्डच्या पुरुषांचं काय करायचं ते सांगा 😀

खर्जातला
वेस्टन मान्य. पण ते घरच होतं ना, चॅपेल नव्हे! माझा मुद्दा जागेचा आणि माणसांच्या संख्येचा आहे, बायकांचं सोडून देतो.

मडगावकर
गायच्या बाजूने सांगतो. आम्ही इथे चर्चच्या क्वायरमध्ये गातो, लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात) लॅटिन मोटेट, म्हणजे छोटी भक्तिगीतंही असतात (ती गोव्यातल्याच मेस्तांची, म्हणजे चर्चच्या संगीतशिक्षकांची, बर्डशी संबंध नाही). एका ओळीला एकच माणूस असला की श्वास कुठे घ्यायचा हा मोठा वांधा, ओळ लांब असली तर मध्ये तुटतेच. दोघे असले तर एक श्वास घेतो तेव्हा दुसरा ओळ धरून ठेवतो, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. टॅलिसवाल्यांची ती सलग रेघ त्यातून येते, घुमाऱ्यातून नाही. मला तरी दोनवालं आवडतं, पण एकेकट्याने गाणाऱ्यांची छाती मोठी हे मान्यच करायला हवं.

तिरकस
दोघंही एकाच चुकीच्या गोष्टीवर भांडताय. मासचे गायचे भाग, पहिल्या कीरिएपासून आन्यूस देईपर्यंत, वीस-बावीस मिनिटं सलग, असं बर्डच्या आयुष्यात कुणीही ऐकलं नसेल. मध्ये प्रार्थना, वाचन, पाद्रीचे संथ सुरातले मंत्र. ग्लोरिया हा भाग संपला की लगेच पुढचा क्रेदो, हा सीडीवाल्यांचा कार्यक्रम आहे. खरंच वाडा हवा असेल तर मधली सगळी उपासना असलेलं रेकॉर्डिंग शोधा, मग घुमाऱ्यावर बोलू.

सोप्रानोपंखा
तिरकसला +१, पण ते तास-सव्वातास कोण ऐकणार? मी तरी ट्रेनमध्ये फक्त आन्यूस देई लावतो.

खर्जातला
ट्रेनमध्ये 🙄 मग चॅपेलचा घुमारा तरी कुठे ऐकू येतो तुम्हाला?