अनुभव धागा : जुन्या स्पोर्ट्‌स गाडीतला बिघाड नेमका कसा सापडला?

मुंबईत एमजी आणि ट्रायम्फ यांसारख्या जुन्या ब्रिटिश बनावटीच्या दोन आसनी गाड्या मोजक्याच उरल्या आहेत. त्या पुन्हा रस्त्यावर आणू पाहणाऱ्यांपुढची मोठी अडचण म्हणजे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), डायनामो (वीज तयार करणारा) आणि पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारे संपर्क) यांवर हात बसलेले मिस्त्री आता सहज मिळत नाहीत. पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर असे मिस्त्री गल्लोगल्ली होते. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये त्या टॅक्सींनीही रस्ता सोडला. अशा वेळी एकामागून एक भाग बदलत जाण्याकडे कल होतो, पण बरेच भाग बाहेरून मागवावे लागतात, आणि एवढे करूनही मूळ कारण तसेच राहते. म्हणून येथे दुरुस्तीपेक्षा निदानाबद्दल लिहावे, अशी विनंती आहे : लक्षण काय होते, संशय कशावर होता आणि कोणत्या तपासणीने कारण पक्के झाले.

सुरुवात मी करतो. माझ्या एमजीबी या एमजीच्या मॉडेलला १७९८ सीसीचे इंजिन आणि एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर आहेत. ती सकाळी पहिल्याच झटक्यात सुरू होत असे, पण उन्हाळ्यात सायनच्या कोंडीत इंजिन तापले की आधी मिसिंग (ठोके चुकणे) सुरू व्हायचे आणि मग गाडी बंद पडायची. थंड झाल्यावर जणू काही झालेच नाही अशी पुन्हा चालू! नळीत पेट्रोलची वाफ अडकते, असे सर्वांचे मत पडले. लक्षणे त्या मताला धरूनच होती, तरीही गाडी बंद पडलेली असतानाच तपासणी करायची, असे मी ठरवले. कार्ब्युरेटरला येणारी नळी सोडवून बाटलीत धरली आणि चावी फिरवली. पंपाची टकटक ऐकू आली आणि पेट्रोलची सलग धार पडली. तिच्यात बुडबुडे नव्हते. याचा अर्थ पुरवठा ठीक होता. नळी पुन्हा घट्ट बसवून आणि बाटली लांब नेऊन ठेवल्यावरच (हा क्रम कोणीही मोडू नये) कॉइलची (ठिणगीसाठी विद्युतदाब वाढवणाऱ्या भागाची) मधली वायर इंजिनाच्या ब्लॉकपासून थोड्या अंतरावर धरून स्टार्टर मारला. निळी, कडकडीत ठिणगी पडायला हवी होती. पडली ती पिवळट आणि अशक्त. प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, तर पॉइंटच्या तोंडावर काळपट थर होता, एका बाजूला खड्डा आणि समोरच्या बाजूला बारीक टोक आले होते. पॉइंट उघडतात त्या क्षणी त्यांच्यात ठिणगी पडू नये, हे काम कंडेन्सरचे. तापल्यावर तो निकामी होऊ लागला की पॉइंट जळतात, कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र झटकन ओसरत नाही आणि प्लगपर्यंत पुरेसा विद्युतदाब पोहोचत नाही. कंडेन्सर आणि पॉइंट बदलून गाडी मुद्दाम त्याच कोंडीत नेली आणि मगच निदान पक्के मानले.

गिरगावातून :
धागाकर्त्यांच्या गाडीत पेट्रोल निर्दोष निघाले. माझ्या गाडीत नेमके तेच दोषी होते. तीही एमजीबीच. पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी गणपतीनंतर बाहेर काढली, तेव्हा पिक-अप घेताना ती खोकत होती. कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाटीत साठलेले पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून स्थिर होऊ दिले आणि तळाशी वेगळा थर जमलेला स्पष्ट दिसला. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल दमट हवेतले पाणी ओढून घेते आणि ते मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन खाली बसतात. टाकी पूर्ण रिकामी केली. जुन्या रबरी नळ्या आतून मऊ पडल्या होत्या, बोट फिरवले की काळे लागत होते; इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवल्या.

तरीही गाडी उचल घेईना. आता प्रश्न मिश्रणाचा होता, कारण २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन लागते आणि जुन्या मापावर लावलेला कार्ब्युरेटर ते आपणहून देत नाही. एसयूची परीक्षा मला फार आवडते, कारण तिला कोणतेही यंत्र लागत नाही : इंजिन गरम असताना कार्ब्युरेटरचा पिस्टन अगदी किंचित उचलायचा. वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) आहे, इंजिन बंद पडू लागले तर पातळ (पेट्रोल कमी) आहे आणि वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर बरोबर आहे. माझे इंजिन लगेच बंद पडत होते, म्हणजे मिश्रण पातळ होते. जेटखालचा षट्‌कोनी नट पेट्रोल वाढवण्यासाठी एका वेळी एकच पैलू खाली फिरवत, दोन्ही कार्ब्युरेटरवर पुन्हापुन्हा हीच परीक्षा घेत गेलो.

मुलुंडहून :
रंगकामानंतर स्टार्टर मंद फिरू लागला आणि चोकची केबल हाताला गरम लागली. ही खूण लक्षात ठेवावी. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थची (प्रवाहाला बॅटरीकडे परतीची वाट देणारी) पट्टी रंगाच्या थरावर बसवली गेली होती, त्यामुळे स्टार्टरचा प्रवाह चोकच्या केबलमधून वाट काढत होता. मल्टिमीटरची एक सुई ब्लॉकवर आणि दुसरी बॅटरीच्या अर्थ टोकावर ठेवून स्टार्टर मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थची जोडणीच तपासावी. बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही चांगले होते.

माहीमहून :
माझ्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर आहे. तिच्या पुढच्या सस्पेन्शनची मूळ रचना ट्रायम्फच्याच हेराल्ड या गाडीची, आणि हेराल्ड १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड नावाने बनत होती, म्हणून जुने हेराल्डवाले मिस्त्री शोधणे मला फायद्याचे ठरले. स्टिअरिंग जड झाले होते आणि मला रॅकचा (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) संशय होता. मिस्त्रींनी चाके जॅकवर उचलून रॅकचे सांधे सोडवले आणि प्रत्येक चाक हाताने वळवून पाहिले. रॅक मोकळा होता, डावे चाक मात्र अडत होते. तेथे चाकाला वळू देणाऱ्या खालच्या पितळी सांध्यात, म्हणजे ट्रनियनमध्ये, उभ्या पोलादी लिंकचे आटे फिरतात. त्यांना ईपी ९० हे गिअरचे ऑइल लागते, पण आधी कोणीतरी ग्रीस भरले होते. ते घट्ट होऊन आट्यांपर्यंत पोहोचेना आणि समुद्राजवळच्या दमट हवेत लिंक गंजली. अशी लिंक तुटली तर चालत्या गाडीचे चाक आडवे पडते, त्यामुळे स्पिटफायर विकत घेणाऱ्याने सर्वांत आधी हेच पाहावे, असे माझे ठाम मत आहे. डाव्या-उजव्या बाजूंचे आटे उलट दिशेचे असतात, हे भाग मागवताना ध्यानात असू द्यावे.

दादरहून :
एमजी मिजेटचे पुढचे एक चाक ब्रेक सोडल्यावरही धरून राहायचे. चाकावरच्या चकतीला ब्रेकपॅडने दाबणारा कॅलिपर जाम झाला, असे मलाही वाटले होते. चाक अडकलेले असताना आधी रबरी नळीच्या अलीकडचा, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाच्या) बाजूचा जोड किंचित सैल केला. चाक सुटले नाही. मग कॅलिपरवरचा हवा काढण्याचा निपल उघडला, तेव्हा ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळे झाले. म्हणजे दाब नळीतच कोंडला जात होता. पहिल्याच वेळी चाक सुटले असते तर दोष मास्टर सिलिंडरकडे गेला असता आणि दोन्ही वेळा सुटले नसते तर कॅलिपरकडे. नळी कापून पाहिली. आतले रबर फुगून वाट जवळजवळ बुजली होती. दोन्ही पुढच्या नळ्या एकदम बदलल्या, आणि ब्रेक ऑइलही हवेतले पाणी ओढत असल्याने सगळेच नवे भरले.