मदत हवी आहे: हॅरी पॉटरचा अख्खा संच घरात आहे, तरी इ-बुक पुन्हा विकत घ्यावीत का?

मंडळी, नमस्कार.

जरा सविस्तर लिहिते. नुसतं "घेऊ का नको" विचारलं तर उत्तरंही तेवढ्यावरच येतील आणि माझा गोंधळ तसाच राहील.

माझ्याकडे हॅरी पॉटरचे सातही भाग आहेत, ब्लूम्सबरी या इंग्लंडच्या प्रकाशनाचे. पहिले तीन पेपरबॅक, पुढचे चार हार्डबाउंड. २००७ पासून दर पावसाळ्यात मी ते पहिल्यापासून वाचायला घेते. दोन वर्षांपूर्वी रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे सांधे सुजून दुखण्याच्या आजाराचं, निदान झालं. दोन्ही मनगटं धरली आहेत आणि सकाळी तासभर बोटं वळत नाहीत. पहिला भाग २२३ पानांचा, तो अजून हातात पेलतो. चौथा ६३६ पानांचा, तो यंदा कसाबसा संपवला. पाचवा ७६६ पानांचा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिला, जवळजवळ किलोभर भरला. मांडीवर उशी घेऊन पाहिलं, जेवणाच्या टेबलावर ठेवून पाहिलं, आईच्या पोथीचं व्यासपीठही आणलं. पण पान उघडं धरायला अंगठा लागतोच आणि नेमका तोच दुखतो. तिसऱ्या प्रकरणात पुस्तक मिटून ठेवलं, ते दीड महिना तसंच आहे.

म्हणून इ-बुकचा विचार. इ-इंकचं, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा असलेलं, वाचनयंत्र दोनशे ग्रॅमच्या आसपास असतं, पान बोटाच्या नुसत्या स्पर्शाने उलटतं, अक्षरही मोठं करता येतं. मैत्रिणीचं आठवडाभर आणलं होतं. त्यावर पाचव्या भागाचा फुकट मिळणारा नमुना वाचला. हात अजिबात दुखला नाही.

मग अडलंय कुठे? पहिलं म्हणजे हे पैसे दुसऱ्यांदा द्यायचे. माझा भाऊ म्हणतो, "एकदा विकत घेतलेली गोष्ट पुन्हा का विकत घ्यायची? पीडीएफ पाठवतो." मला ती पीडीएफ नको आहे. सातवा भाग यायच्या आधी त्याच्या पानांचे फोटो काढून कोणीतरी नेटवर टाकले होते, आठवतंय? आम्ही दोघांनी तेव्हा ते उघडायचे नाहीत असं ठरवलं होतं आणि पाळलं होतं. २१ जुलै २००७ ला इंग्लंडमध्ये मध्यरात्र उलटली तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते. बाबांनी आम्हाला स्कूटरवरून दुकानात नेलं. पाऊस होता, पुस्तक बाबांच्या रेनकोटच्या आत घालून घरी आलं. प्रत एकच, म्हणून जेवणाच्या वेळांप्रमाणे वाटून घेतली: नाश्ता ते जेवण तो, जेवण ते चहा मी. पहिल्या पानावर बाबांनी निळ्या शाईने आमची दोघांची नावं आणि तारीख घातली आहे. त्या पुस्तकाची चोरलेली प्रत वाचायला माझं मन तयार होत नाही.

दुसऱ्यांदा पैसे देणारी मी काही पहिलीच नाही, हेही कळतं. हॅरी पॉटरच्या लेखिका रोलिंगबाईंनी डिजिटल हक्क स्वतःकडे ठेवले होते आणि बरीच वर्षं इ-बुक काढू दिली नव्हती. शेवटी मार्च २०१२ मध्ये ती त्यांच्याच पॉटरमोर या साइटवर आली. अॅमेझॉनवर खरेदीचं बटण दाबलं तरी गिऱ्हाइकाला पॉटरमोरवर पाठवलं जायचं. फाइलला नक्कल अडवणारं कुलूप नव्हतं, फक्त घेणाऱ्याची डिजिटल खूण होती. पहिल्या तीन दिवसांत दहा लाख पौंडांची विक्री झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. घेणाऱ्यांपैकी कित्येकांच्या कपाटात छापील संच असणारच. त्यांनी कशासाठी घेतली असतील हे मला खरंच जाणून घ्यायचंय. इथे कोणी आहे का तेव्हा घेतलेलं? नंतर खरोखर वाचली का, की नुसती यंत्रात पडून राहिली?

दुसरी अडचण जास्त मोठी वाटते. इ-बुक "विकत घेतलं" म्हणतो, पण हातात येतो तो वाचायचा परवाना. २००९ मध्ये अॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून, म्हणजे त्यांच्याच वाचनयंत्रावरून, जॉर्ज ऑरवेल या लेखकाची पुस्तकं परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, पण पुस्तक गेलंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकायची सोयही बंद केली. मी पुढची वीस वर्षं हीच पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचणार आहे. ती टिकतील अशी फाइल आज कुठून घ्यावी? किंडल, कोबो (दुसऱ्या कंपनीचं वाचनयंत्र आणि दुकान) की आणखी कुठे? ज्यांनी यंत्र बदललं त्यांची जुनी खरेदी नव्यावर नीट आली का?

छापील प्रत घेतलेल्याला इ-बुक स्वस्तात द्यावं असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत अॅमेझॉनची मॅचबुक नावाची तशी योजना २०१३ ते २०१९ होती, ती बंद झाली. आपल्याकडे कोणत्या प्रकाशकाने असं काही केलंय का? माहीत असेल तर जरूर सांगा.

आणि एक विचारते, हसू नका. मला प्रसंग पानावरच्या जागेने आठवतात. डंबलडोरचं ते शेवटचं बोलणं डाव्या पानावर तळाशी, तिथे चहाचा डाग आहे. यंत्रावर अक्षर मोठं केलं की सगळं सरकतं आणि नमुना वाचताना मी सारखी हरवत होते. सवयीने हे जातं का? किती दिवस लागले तुम्हाला?

सध्या मनात असं आहे की आधी शेवटचे चारच भाग घ्यावेत, पहिले तीन नंतर पाहावेत. संच एकदम घेतला तर स्वस्त पडेल का, तेही कोणी पाहिलं असेल तर लिहा. इंग्लंडची आवृत्ती मिळेल अशी लिंक हवी, पहिल्या भागाचं नाव "फिलॉसॉफर्स स्टोन" असलेली. अमेरिकन नको.

घाई एवढ्यासाठी की नागपूरला माझी भाची नऊ वर्षांची झाली. पहिला भाग तिने शाळेच्या ग्रंथालयातून आणून दोनदा वाचला आणि मला फोन करून विचारलं, "आत्या, पुढचे तुझ्याकडे आहेत ना?" भाऊबीजेला जाणार आहे. वहिनी म्हणते पार्सल कर, पण मला ते स्वतः नेऊन द्यायचेत. माझं इ-बुकवर भागणार असेल तर सातही नेईन. नसेल तर पाचवा आणि बाबांच्या अक्षरातला सातवा मागे ठेवावा लागेल, आणि तिला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.