मदत हवी आहे : कबड्डीपटूंचा एजंट कसं व्हायचं?

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, बीकॉम झालंय. आमच्या गावात मातीवर खेळणारे तगडे रेडर आहेत, पण व्यवहारात सगळे भोळे. मागच्या वर्षी एकानं माझ्या मावसभावाची कागदावर सही घेतली, वाचूही दिलं नाही. बक्षिसाचे अर्धे पैसे गेले. तेव्हापासून डोक्यात हेच आहे, की या पोरांचे करार आणि पैशाचे व्यवहार बघणारा एजंट व्हायचं.

फुटबॉलचा एजंट व्हायला फिफाची परीक्षा असते, २० प्रश्न, पास व्हायला ७५ टक्के. कबड्डीसाठी असं लायसन्स लागतं का? आधी एलएलबी करू, की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकू? कमिशन किती घ्यावं? १७ वर्षांच्या पोराचा करार बापाच्या सहीनं चालतो का? ‘आधी सोयाबीन काढ’ म्हणणारे घरीच आहेत, तेवढं सोडून सांगा भाऊ.