भाताच्या पेंढ्यापासून तिरंदाजीचे टार्गेट घरी कसे तयार करावे?

प्रश्न (डिचोली येथील पालक)

नमस्कार. माझी मुलगी तिरंदाजी शिकत असून तिच्याकडे २० पाउंडेजचे (म्हणजे पूर्ण ओढण्यास २० पाउंड जोर लागणारे) लाकडी रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य आहे. सुट्टीच्या दिवसांत तिला घरच्या परसात दहा मीटरपर्यंतच्या अंतरावरून सराव करता यावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. बाजारातील फोमचे बट्रेस (बाण अडवणारा ठोकळा) आमच्या उन्हात भुसभुशीत होते आणि त्याचे तुकडे बागेत पसरतात, म्हणून पेंढा, काथ्या, गोणपाट, बांबू अशा जवळपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच टार्गेट करावे असे मनात आहे. परसाच्या टोकाला जांभ्या चिऱ्यांचा गडगा आहे. त्याला टेकवून टार्गेट ठेवले तर चालेल काय, आणि पावसाळ्यात ते कसे टिकवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (म्हापसा)

केवळ पहिल्या काही दिवसांचा सराव हवा असेल, तर घड उतरवल्यावर तोडलेले केळीचे खांब एकमेकांना घट्ट बांधून उभे करावेत. ताज्या खांबात बाण सहज रुततो आणि सहज निघतोही. मात्र केळीचा चीक बाणांवर व पिसांवर डाग पाडतो, त्यामुळे बाण लगेच पुसावे लागतात. शिवाय खांब लवकर कुजतो. कायमच्या सोयीसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

उत्तर २ (वाळपई)

पेंढ्याचे टार्गेट उत्तम होते, परंतु त्याचे यश जाडीपेक्षा दाबावर अवलंबून असते. बाणाला थांबवते ते त्याच्या दांड्याभोवती होणारे घर्षण. पेंढा सैल असेल तर काड्या बाजूला सरकतात आणि हातभर जाडीतूनही बाण आरपार जातो. तोच पेंढा करकचून आवळला तर त्याच्या निम्म्या जाडीत बाण अडतो. त्यामुळे उडवीतील पेंढा पोत्यात कोंबून भिंतीला टेकवणे म्हणजे टार्गेट नव्हे.

दुसरी गोष्ट काड्यांच्या दिशेची. जपानमधील क्यूदो या धनुर्विद्येत जवळून सराव करण्यासाठी ‘माकिवारा’ नावाचा पेंढ्याचा जाड भारा वापरतात, आणि त्यातील काड्यांची टोके नेमबाजाकडे असतात. बाण काड्या न तोडता दोन काड्यांच्या मधून शिरतो, त्यामुळे भारा पुष्कळ काळ टिकतो. काड्या आडव्या रचल्या तर प्रत्येक बाण त्या तोडत जातो आणि मध्यभागी लवकरच भोक पडते. युरोपातील जुन्या पद्धतीत पेंढ्याचा जाड दोर वळून तो चकलीसारखा गोल गुंडाळत आणि शिवत असत. ते टार्गेट दिसायला देखणे असते, पण शिवणीला फार वेळ लागतो आणि हात चांगलाच बसलेला असावा लागतो. घरगुती कामासाठी भारा बरा.

पेंढा शक्यतो हाताने कापलेल्या आणि हाताने झोडलेल्या भाताचा घ्यावा. मळणी यंत्रातून निघालेला पेंढा तुटका व चुरलेला असतो. जया किंवा ज्योतीसारख्या बुटक्या जातींपेक्षा खाजनातील (खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतातील) कोरगुटासारख्या उंच भाताची काडी लांब मिळते. पेंढा कडक उन्हात पूर्ण वाळवावा, कारण ओलसर पेंढा आवळला की आतून बुरशी धरतो आणि वाळल्यावर आक्रसून पुन्हा सैलही पडतो. लहान पेंढ्यांची टोके आलटून पालटून ठेवावीत, कारण बुडखा जाड आणि शेंडा बारीक असतो. सगळे बुडखे एकीकडे आले तर भारा शंकूसारखा होतो. पेंढ्या एकत्र करून काथ्याच्या दोरीने तीन ठिकाणी बांधाव्यात, दोरीत दणकट काठी घालून पीळ देत जावा आणि पीळ सुटू नये म्हणून ती काठी भाऱ्यालाच बांधून टाकावी. या कामाला दोन माणसे हवीत. शेवटी धारदार कोयत्याने दर्शनी बाजू सपाट कापावी. २० पाउंडेजसाठी ४५ ते ५० सेंमी खोली आणि तेवढाच किंवा थोडा अधिक व्यास पुरे व्हावा. काही आठवड्यांनी भारा सैल वाटला की काठीला पुन्हा पीळ द्यावा.

उत्तर ३ (फोंडा, शाळेत तिरंदाजी शिकवतो)

वाळपईच्या सदस्यांशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र गडग्याविषयी त्यांनी काही लिहिले नाही, आणि मला तोच मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. चुकलेला बाण चिऱ्यावर आदळला तर मोडतो किंवा उसळून परत येतो. कार्बनचा बाण वरून धड दिसला तरी आतून चिरलेला असू शकतो आणि पुढच्या वेळी सोडताना हातातच फुटू शकतो. म्हणून कठीण वस्तूवर आदळलेला प्रत्येक बाण हलकेच वाकवून, कान देऊन तपासावा. नारळाच्या बुंध्यावरही कधी नेम धरू नये.

टार्गेट गडग्यापासून दीड-दोन मीटर पुढे ठेवावे आणि मधल्या जागेत काथ्याची जाड चटई किंवा दुहेरी गोणपाट बांबूच्या आडव्या काठीवरून मोकळे लोंबत सोडावे. ते ताणून बांधू नये. मोकळे कापड बाणाबरोबर मागे सरकत त्याचा वेग खाते, ताणलेले मात्र फाटते. काथ्याचे टार्गेट करण्याची कल्पना मला फारशी पटत नाही. काथ्या बाणाला इतका घट्ट धरतो की लहान मुलांना तो उपटताना त्रास होतो. पडदा म्हणून मात्र त्याला तोड नाही. वाळूची पोती टाळावीत, कारण वाळू बाणाचा दांडा खरवडते.

मैदानी स्पर्धेत टार्गेटचा मध्य जमिनीपासून १३० सेंमी उंचीवर असतो आणि फलक १० ते १५ अंश मागे कललेला असतो. भारा जड असल्यामुळे बांबूची तिवई न वापरता लाकडी घोडीवर तो बांधावा आणि घोडीचे खिळे दर्शनी बाजूस येऊ देऊ नयेत. गडग्यापलीकडे पायवाट असेल किंवा गुरे चरत असतील, तर तेथे सराव करूच नये.

प्रश्नकर्ते (डिचोली)

दोघांचेही आभार. गडग्यापलीकडे आमचीच बागायत आहे आणि सरावाच्या वेळी तेथे कोणी नसेल याची खात्री आम्ही करू. परंतु सध्या फक्त यंत्राचा तुटका पेंढाच मिळतो आहे. त्याचे काही करता येईल काय? आणि भाऱ्यावर नेमाच्या वर्तुळांचा कागद कोणत्या मापाचा लावावा?

उत्तर २ (वाळपई)

तुटक्या पेंढ्याचा भारा बांधता येत नाही. तो तागाच्या पोत्यात थर देत, प्रत्येक थर पायाने तुडवून भरावा, मधूनमधून जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या घालाव्यात आणि तोंड दाभणाने शिवून घ्यावे. कमी पाउंडेजच्या धनुष्याला तेवढे पुरते. नव्या भाताची कापणी झाली की लांब पेंढा मागून ठेवावा.

कागद ४० सेंमीचा लावावा. १८ मीटरच्या बंदिस्त स्पर्धेत तोच असतो आणि भाऱ्याच्या कडाही मोकळ्या राहतात. जूनपूर्वी भारा छपराखाली न्यावा, जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावा, नाहीतर वाळवी लागते. उंदीर शिरले की मागोमाग सापही येतो, म्हणून हात घालण्यापूर्वी भारा काठीने ठोकावा. भारा निकामी झाल्यावर पेंढा माडाच्या आळ्यात घालता येतो, पण त्यात बाणांची मोडलेली टोके राहिलेली असू शकतात. म्हणून तो गुरांपुढे टाकू नये.