बाबांच्या गाडीचा धूर (घरचा ग्रुप, इंदूर)

ताई: मंडळी, बाबांच्या गाडीने सकाळी अख्खी गल्ली धुराने भरली. गॅरेजवाला म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल, 45 हजार. 2006 पासून गाडी वापरतायत, विकायची नाहीये त्यांना. सकाळपासून नीट जेवलेही नाहीत. काय करू?

काका: धुराचा रंग कोणता, बेटा?

ताई: निळसर. जळक्या तेलाचा वास येतोय.

दादा: म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जळत असतं तर दाट पांढरा धूर आणि गोडसर वास आला असता. काळा असता तर पेट्रोल जास्त जातंय, मग आधी एअर फिल्टर बघायचा.

वहिनी: आमच्या गाडीतून थंडीत सकाळी पांढरा धूर येतो, तो कूलंटचा का?

दादा: दोन-चार मिनिटांत विरत असेल तर नुसती वाफ, वहिनी. काळजी नको. ताई, तो निळा धूर दिवसभर असतो का?

ताई: नाही. सकाळी स्टार्ट केली की भकाभक, मिनिटभरात बंद.

बाबा: परवा ओंकारेश्वरहून येताना भेरू घाट चढलो तेव्हा काही नव्हतं. जातानाच्या उतारावर मात्र, ॲक्सिलरेटर सोडून गियरमध्येच उतरलो आणि खाली आल्यावर रेस दिली, तर आरशात निळा ढग.

दादा: बाबा, हे गॅरेजमध्ये सांगितलंत?

बाबा: विचारलंच नाही कोणी.

दादा: सगळी गोम इथेच आहे. रिंगा गेल्या असत्या तर घाट चढताना, जोर पडल्यावर धूर आला असता. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की हवेचं दार जवळजवळ बंद होतं. इंजिन तरी हवा ओढतच राहतं, मग हवा आत-बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांडीवरून तेल आत खेचलं जातं. रात्रभर उभ्या गाडीतही तेच तेल थेंब-थेंब झिरपतं आणि सकाळी जळतं. मला व्हॉल्व्ह सील वाटतायत. रबराची टोपणं ती, इतक्या वर्षांत कडक होतातच. इंजिन खोलायला लगेच हो म्हणू नका.

ताई: आणि आवाज? बारीक टकटक, बॉनेटच्या वरच्या भागातून. रेस दिली की जलद होते.

दादा: ऑइल बघितलंस? गाडी सपाट जागी हवी, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांब. ऑइल मोजायची पट्टी पुसून परत घाल, मग बघ.

ताई: पट्टीच्या अगदी टोकाला काळा ठिपका लागलाय. खालच्या खुणेपर्यंतही नाही 😟

दादा: आता अजिबात स्टार्ट करू नका!! पुस्तिकेत लिहिलंय त्याच ग्रेडचं ऑइल आणा. अर्धा लिटर घाला, थांबा, बघा, मग पुढचं. वरच्या खुणेच्या वर नको.

काका: वरची टकटक बहुधा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागांची, ऑइल कमी पडलं की वाजतात. खालून जड ठकठक आली असती तर बेअरिंग. तशी गाडी चालवायचीच नाही, ओढून न्यायची.

ताई: जवळजवळ एक लिटर लागलं. स्टार्ट केल्यावर थोडा वेळ वाजली, मग शांत!

दादा: छान. पण पैसे द्यायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या, चारही सिलिंडरचं. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. दुसऱ्या गॅरेजमध्ये करा आणि बाबा, तुम्ही स्वतः शेजारी उभे राहा.

(दुसऱ्या दिवशी)

बाबा: चारही 165 ते 170 पीएसआय. हा मिस्त्रीही सीलच म्हणतो. सिलिंडरमध्ये हवा भरून, हेड (इंजिनचा वरचा भाग) न उतरवता बदलणार आहे.

दादा: मग रिंगा ठीक आहेत, बाबा. खरंच बरं वाटलं.

बाबा: सील बदलून झाले. जुने मागून घेतले, एक नखाने दाबून पाहिला. दबतच नाही, लाकडासारखा झालाय. फोटो टाकतो.

ताई: बाबांनी आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या 🙏